बत्तिसावा गोळा

ताईने अकराव्यांदा परत आलेला गोळा जेवणाच्या टेबलावर ठेवला, चपला कोपऱ्यात सरकवल्या आणि नेहमीसारखी चहा टाकायला गेली. गोळा म्हणजे गोळ्याचं चित्र. दोन ओंजळींत मावेल एवढा पांढऱ्या प्लास्टरचा गोळा, राखाडी कापडावर ठेवलेला, कोळशाच्या कांडीने काढलेला. अकरा आठवडे ती तोच काढत होती आणि तिचे मास्तर अकरा आठवडे तो परत पाठवत होते.

"काय म्हणाले आज?" मी विचारलं.

"तेच. कुठला उजेड बघताय तुम्ही, म्हणाले."

गॅस न पेटवताच ती दारात येऊन उभी राहिली.

"फूटपट्टी, माझं काही बिघडलंय का रे?"

फूटपट्टी म्हणजे मी. चौतीस वर्षं जमिनी मोजल्या. पहिल्या पगाराच्या दिवशी ताईने हे नाव ठेवलं ते निवृत्त झाल्यावरही सुटलं नाही. घरातला पडदा तिरका असेल तर मला जेवण जात नाही, त्यामुळे तक्रार करायला जागाही नाही. आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं. हॉस्पिटलच्या दप्तरात आयुष्यभर फायली लावल्या, माझं शिक्षण केलं, आणि स्वतःसाठी काही मागायचं तिच्या कधी डोक्यातच आलं नाही. पासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा मागितलं. म्हणाली, मला चित्रं काढायला शिकायचंय. हे सांगताना ती चक्क लाजली होती.

डोळे तपासून झाले होते. डॉक्टर म्हणाले, विशीतल्या मुलीचे डोळे आहेत. तेव्हापासून ती जास्तच घाबरली, कारण डोळे धड असतील तर उरतं ते डोकं. आमची आई शेवटची दोन वर्षं खुंटीवरच्या कोटाशी बोलायची, त्याला वडील समजून. ते आम्ही दोघंही विसरलो नव्हतो आणि त्याबद्दल कधी बोलतही नव्हतो.

"बाराव्यांदा परत आलं की मी सोडणार," ताई म्हणाली. "उगाच लोकांचा वेळ कशाला घ्यायचा."

ती हे इतक्या सहज म्हणाली की मला रडूच आलं. मी उठून मोजपट्टी आणली.

सावलीचं गणित सोपं असतं. कापडावरच्या सावलीच्या टोकापासून गोळ्याच्या वरच्या कडेला टेकवून मागे रेघ ओढली की ती उजेडाकडे जाते. अशा दोन-तीन रेघा जिथे भेटतात तिथे दिवा. खिडकीचा उजेड पसरट असतो, पण त्याचाही मध्य काढता येतो. मी ताईकडून खोलीची, स्टुलाची मापं विचारून घेतली, तिची अकराच्या अकरा चित्रं टेबलावर पसरली आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ त्यात घालवली. मला खात्री होती की रेघा सैरावैरा जातील. मग मी तिला हळूच समजावणार होतो की वय झालं की हात चळतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

रेघा सैरावैरा गेल्या नाहीत. अकरा चित्रांतल्या रेघा एकाच ठिकाणी भेटल्या, बोटभराचाही फरक नाही. ते ठिकाण खिडकीत नव्हतं. खोलीच्या आत, चित्र काढणाऱ्याच्या स्टुलाच्या डावीकडे अर्ध्या फुटावर होतं. जमिनीपासून चार फूट उंच.

आयुष्यभर मी लोकांच्या चुका पाहिल्या आहेत. प्रत्येक चूक वेगळ्या दिशेला पळते. अकरा चुका एका बिंदूवर येऊन थांबत नाहीत. मला मनापासून आनंद झाला. चित्रं गुंडाळून मी ताईला म्हटलं, "गुरुवारी मी येतो तुझ्याबरोबर. तुझ्या मास्तरांना जरा मोजून दाखवतो."

वर्ग पुस्तकबांधणीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. लांबलचक खोली, लाकडी फळ्यांची जमीन, खालून येणारा खळीचा आंबूस वास आणि कागद कापायच्या यंत्राचा ठराविक वेळाने होणारा दबका आवाज. चारपैकी तीन खिडक्यांच्या काचा काळ्या रंगवलेल्या. उरलेली एक, उत्तरेची, जवळजवळ छतापर्यंत. तिच्यातून येणारा उजेड दुधावरच्या सायीसारखा संथ होता. आत येऊन तो कुठेही घाई न करता बसत होता. सकाळचे दहा वाजले होते, पण त्या खोलीत दहा वाजले आहेत असं काही वाटत नव्हतं.

मास्तर म्हणजे वाळका, मृदू बोलणारा म्हातारा माणूस. त्यांच्या गळ्यात दोऱ्याने एक पट्टी लटकत होती, नऊ चौकोनांची, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. चित्रातली छटा बरोबर आहे का हे ते ती पट्टी कागदाला लावून बघत. गोळ्याचं टेबल जमिनीला स्क्रूने घट्ट केलेलं, समोरचं स्टूलही. जागा बदलली की चित्र बदलतं, म्हणून प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने पहिला गोळा याच स्टुलावरून काढायचा. पसंत पडला की मास्तर मागे जाड शिसपेन्सिलीने एकच शब्द लिहीत, 'बरोबर', खाली तारीख. ते चित्र कपाटात जाई आणि मग विद्यार्थ्याला रंग मिळत. अडतीस वर्षांत असे एकतीस गोळे झाले होते. बाकीचे लोक कंटाळून निघून गेले, असं ताईने वाटेत सांगितलं.

"बसा," मास्तर मला म्हणाले. "आधी रेघ, मग छटा, मग गोलाई. रेघेने फक्त जागा कळते. वस्तू गोल आहे हे सावली सांगते."

मी बसलो. गोळा डावीकडून उजळलेला, उजवीकडे त्याची सावली. काहीच वावगं नव्हतं.

"आता डोळे बारीक करा. नाव विसरा त्याचं. नुसतं उजळ कुठे, गडद कुठे तेवढं बघा."

मी पापण्या अर्ध्या मिटल्या. खोली विरघळली. टेबलाचे पाय, कापडाच्या चुण्या, भिंतीवरच्या भेगा, सगळं गेलं. पाच-सहा मोठे डाग उरले, काही फिके, काही काळे. आणि त्या डागांमध्ये उजवीकडची सावली नव्हती. सावली गोळ्याच्या मागे लपली होती. गोळा ताटासारखा सपाट दिसत होता, उजव्या कडेला नखाएवढी राखाडी कोर. माझ्या डाव्या गालाला ऊब लागत होती, शेजारी कुणी झोपेतून उठून बसलं की लागते तशी.

मी डोळे उघडले. सावली उजवीकडे होती.

वय झालं की असं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. ताईला जे सांगणार होतो तेच.

"ताई, खालून जरा पाणी आण," मी म्हटलं. "आणि मास्तर, ते एकतीस गोळे बघू मला."

मास्तर काही क्षण पट्टीशी चाळा करत राहिले. मग त्यांनी कपाट उघडलं.

मी तारखांप्रमाणे चित्रं लावली. गोळ्याच्या टेबलाला सुतळी बांधली आणि एकेक चित्र मोजून उजेड जिथे येईल तिथे जमिनीवर खडूने खूण करत गेलो. पहिल्या चित्राची खूण खिडकीच्या थेट खाली आली, जशी यायला हवी. दुसरी अर्धा फूट आत. तिसरी एक फूट. मला वाटलं सुतळी सैल आहे. ती ताणली. चौथी दीड फूट.

खुणा सरळ रेषेत येत होत्या. इतकी सरळ रेषा मी मोकळ्या माळावरही क्वचित आखली आहे. कुठे दोन चित्रांमध्ये आठवडा गेला होता, कुठे तीन वर्षं. खुणेतलं अंतर तेच, अर्धा फूट. एकतिसावी खूण खिडकीपासून पंधरा फुटांवर आली. स्टूल सोळा फुटांवर होतं.

ताईची अकरा चित्रं साडेपंधरावर.

उंचीही मोजली. मोजायला नको होती. पहिल्या चित्रात उजेड खिडकीच्या मधोमध, म्हणजे आठ फुटांवर होता. दुसऱ्यापासून पुढे बहुतेक सगळीकडे पाच फूट. शेवटच्या चार-पाच चित्रांत ती उंची थोडी थोडी खाली येत होती, माणूस बसायला वाकतो तशी.

"तुम्ही आज मोजलंत," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "मी दहा वर्षांपूर्वी मोजलंय."

"मग ताईचं चित्र बरोबर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे!"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तरी तिला परत पाठवता? ती बिचारी स्वतःला वेडी समजायला लागली आहे."

"अकरा आठवडे तो तिथेच आहे ना? बोटभरही हलला नाही."

"कोण तो?"

त्यांनी शर्टाच्या टोकाने पट्टी पुसली. नऊही घरं, एकेक करून. "उजेड," ते शेवटी म्हणाले. "मी मागे तो शब्द लिहिला की तो एक पाऊल टाकतो. मला आणखी काही माहीत नाही. माहीत असतं तर पहिल्याच वेळी हात आवरला नसता का?"

मला हसू आलं. खरंच आलं, हे मी कबूल करतो. गावोगावच्या भांडणांत मी नकाशे केले, सह्या केल्या. "मास्तर, नकाशावर सही केली म्हणून नदी सरकत नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात ताई पाण्याची बाटली घेऊन वर आली आणि खडूच्या खुणांपाशी थबकली. मी तिला सगळं दाखवलं. म्हणजे खुणा दाखवल्या. मास्तरांचं बोलणं सांगितलं नाही, म्हातारपणाची लहर म्हणून सोडून दिलं. रेघा एका ठिकाणी भेटतात, तुझी चूक नाही, तू जे बघतेस ते आहे, असं मोठ्याने सांगितलं.

"म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे?"

"डोकं, डोळे, हात. सगळं जागच्या जागी आहे."

ताई मटकन स्टुलावर बसली आणि पदराने तोंड झाकून रडली. अकरा आठवड्यांचं एकदम. मला इतकं बरं वाटत होतं की मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

"बाई," मास्तर म्हणाले, "तुम्ही उद्यापासून रंग घ्या. माझी हरकत नाही. हा गोळा राहू द्या."

"नाही मास्तर." ताईने डोळे पुसले. तिचा इतका ठाम आवाज मी लहानपणी तेवढा ऐकला होता. "मला तो शब्द हवा. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी तसं लिहून द्यावं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द बोलायला हवा होता. त्याऐवजी मी अकरावं चित्र उलटं करून त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी लिहिलं. घाईने, खाली तारीखही.

खालचं यंत्र थांबलं होतं.

खोलीत काही बदललं नाही. ताई स्टुलावर बसून चित्राच्या पाठीवरचा शब्द वाचत हसत होती. मला वाटलं, बघ, उगाच घाबरवत होता म्हातारा.

सवय नसताना मी डोळे बारीक केले.

टेबलाचा काळा डाग जागेवर होता. कपाटाचा होता. मास्तरांचा होता, त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

स्टुलावर काही नव्हतं. न काढलेल्या कागदासारखा पांढरा रंग, बस.

मी डोळे उघडले. ताई हसत होती.

"घरी जाऊ या," ती म्हणाली. "किती छान उजेड आहे रे इथे."

नंतरचे दोन आठवडे ती खुशीत होती. रंग आणले, ब्रश आणले. फक्त एक सवय लागली, ती डोळे पूर्ण उघडेनाशी झाली. भाजी निवडताना, वर्तमानपत्र वाचताना, माझ्याशी बोलताना पापण्या अर्ध्या मिटलेल्या. जिना उतरताना पायरी चाचपायची. मी विचारलं तर म्हणाली, "असंच बरं वाटतं."

तिने बरणी काढली. कागदावर बरणीची रेघ होती, आत काहीच नाही. उशी काढली. रेघ. मग एका सकाळी माझा चेहरा काढायला घेतला. तासभर माझ्याकडे बघत बसली आणि कांडी खाली ठेवली.

"सगळं ताटासारखं झालंय," ती म्हणाली. "तुझं नाक सापडत नाही. गाल सापडत नाही. सावलीच नाही कुठे. मला तो शब्द मिळाला आणि बाकी सगळं गेलं बघ."

ती रडली नाही. कागदाला नीट घडी घातली आणि तो ओट्यावर चहाच्या डब्याखाली ठेवला. ते मला जास्त लागलं.

आमच्या टेबलाच्या एका बाजूला ती बसते, समोर मी. खिडकी माझ्या डावीकडे. टेबलाच्या कडेला तिचा कप होता. त्याची सावली खिडकीपासून दूर पडायला हवी होती. मी डोळे बारीक केले. सावली तिच्याकडून निघून माझ्याकडे आली होती. तिच्या खुर्चीकडे मी बघितलं नाही.

हे मी केलं होतं. हातात मोजपट्टी घेऊन, छाती फुगवून.

मी मास्तरांकडे गेलो. गोळ्याचं टेबल रिकामं होतं आणि त्यांच्या गळ्यात पट्टी नव्हती. मी काही विचारण्याआधीच त्यांनी ती जाड शिसपेन्सिल माझ्या हातात ठेवली आणि माझी मूठ दोन्ही हातांनी मिटली.

तिच्या खुर्चीपासून माझ्या खुर्चीपर्यंत अडीच फूट आहे. मी तीनदा मोजलं. एका शब्दाला अर्धा फूट, म्हणजे पाच चित्रं.

"कप काढ," मी ताईला सांगितलं. "जसा दिसतो तसा काढ. सपाट तर सपाट. मी समोर बसतो."

पहिल्या दिवशी तिने नुसती रेघ काढली. मी मागे 'बरोबर' लिहिलं. "फूटपट्टी, तू माझं मन राखतोयस," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी कपाच्या कडेला नखाएवढी राखाडी कोर आली. ती बराच वेळ त्या कोरेवरून बोट फिरवत राहिली. तिसऱ्या दिवशी दांड्याची सावली सापडली म्हणून तिने मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. चौथ्या दिवशी ती गुणगुणत होती. माझ्या कपाळाला दिवसभर ऊब लागत होती, आणि ती काही वाईट नव्हती. दुपारी डोळा लागावा तसं वाटत होतं.

आज सकाळी पाचवं चित्र झालं. कप असा गोल उतरला होता की उचलून तोंडाला लावावा. ताईने ते माझ्यापुढे सरकवलं. कित्येक दिवसांनी तिचे डोळे पूर्ण उघडे होते आणि ती पासष्ट वर्षांची वाटत नव्हती.

मी चित्र उलटं केलं आणि सुबक अक्षरात, तारखेसह, शब्द लिहिला.

कपाची सावली तिच्याकडे वळली.

ताईने हात पुसले आणि चित्र कसं झालंय हे बघायला सवयीने पापण्या अर्ध्या मिटल्या. कप पाहिला. टेबल पाहिलं. मग मान वर करून सरळ माझ्याकडे पाहिलं.

"फूटपट्टी," तिने आतल्या खोलीच्या दिशेने हाक मारली, "अरे, कुठे गेलास? ये ना, चहा निवतोय."